वळेसराच्या फुलाचे नाव

वेंगुर्ले तालुक्यातील एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. त्यांना दीड महिन्याची मुलगी आहे आणि ते त्यांचे पहिलेच अपत्य आहे. बाराव्या दिवशी बारसे करण्याचे ठरले होते, परंतु नावावर एकमत होईना म्हणून ते पुढे ढकलले गेले. आईला मुलीचे नाव ‘सुरंगी’ ठेवायचे आहे, कारण मुलगी जन्मली त्या आठवड्यात माहेरच्या परड्यातील सुरंगी फुलली होती. शिवाय ‘सुरंगी म्हणजे सुंदर रंगाची’ असा तिचा अर्थ त्यांनी लावला आहे. सासूबाईंना या नावात ‘सुरुंग’ ऐकू येतो, शाळेत मुले चिडवतील असे वाटते, आणि ‘ते फुले विकणाऱ्या बायांचे नाव वाटते’ असेही त्या एकदा म्हणाल्या. मुंबईला असलेल्या नणंदेने, म्हणजे बाळाच्या आत्याने, मोबाईलवरील ॲपमधून ‘रेयांशी’ हे नाव काढले आहे. मुलीचे नक्षत्र स्वाती, चरण दुसरा, म्हणून अक्षर ‘रे’, आणि ॲपने दिलेला अर्थ ‘सूर्यकिरणाचा अंश’. यजमान ‘तुम्ही बायका ठरवा’ एवढेच म्हणतात. भगिनींचा प्रश्न असा आहे की, वेगळे नाव ठेवून त्या मुलीवर अन्याय करत आहेत का, आणि आत्याचा मान न दुखावता आपले म्हणणे कसे मांडावे.

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी तुमच्या सहीखाली, तारखेच्याही नंतर लिहिलेल्या चार ओळींवर थांबले. तुमची आजी फाल्गुनात पहाटे सुरंगीच्या झाडाखाली जात असे, उन्हे वर येऊन कळ्या उमलण्याआधी त्या खुडून आणत असे, दिवसभर वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, ओवून ते बाजारात विकत असे, आणि त्या दिवसांत तिची बोटे इतकी पिवळी होत की भाकरी थापतानाही तो रंग नजरेला पडे, असे तुम्ही तेथे लिहिले आहे. ही गोष्ट सासरी अजून कोणाला सांगितलेली नाही, पण उत्तरात आली तरी चालेल, असेही तुम्ही कळवले आहे. माझी पहिली विनंती हीच की, हे उत्तर घरात कोणी वाचण्यापूर्वी ती गोष्ट तुम्ही स्वतः सांगावी. तुमच्या नावामागचे खरे कारण तेथे आहे. घरच्या माणसांना ते ठाऊक नसल्यामुळे ती मंडळी आतापर्यंत एका शब्दाशी वाद घालत आली आहेत. तुमच्या आजीची त्यांना कल्पनाच नाही.

‘वेगळे नाव’ हा शब्द तुम्ही पत्रात सात वेळा वापरला आहे, म्हणून आधी त्याचा विचार करू. तुमच्या गावात सुरंगी हा शब्द कोणाला परका आहे? ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी सणाला वळेसर माळला आहे, तिला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तेच नाव मुंबईच्या शाळेतल्या हजेरीपटावर अनोळखी ठरेल आणि तेथे रेयांशीला कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. तेव्हा वेगळेपण हे नावाच्या अंगचे नसून ते कोठे उच्चारले जाते यावर अवलंबून असते. काळाचेही तसेच आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीत कोकणातल्या वाडीवाडीवर धोंडू, दगडू, केरू, भिकाजी अशी माणसे होती आणि त्या नावांत कोणाला काही विचित्र वाटत नसे. आधीची मुले दगावलेली असत, म्हणून या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूला ते नकोसे वाटावे, या भावनेने त्याला दगडाचे, केराचे किंवा भिकेत मिळालेल्याचे नाव दिले जाई. काही धोंडू अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जन्मल्यामुळेही धोंडू झाले. मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८५८ ते १९६२ असे एकशे चार वर्षांचे आयुष्य त्याच नावाने काढले, स्त्रीशिक्षणाचे एवढे मोठे काम केले, आणि १९५८ साली भारतरत्नाच्या यादीत ‘धोंडो’ हेच नाव लागले.

याच्या शेजारी मला दुसरे एक नाव ठेवावेसे वाटते. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकुशी’ ठेवण्याची रीत आपल्या राज्याच्या काही भागांत होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. कोशातला अर्थ पाहिला तर धोंडा काही नकुशीपेक्षा फार सुंदर नाही. परंतु धोंडू या नावामागे ‘हे मूल आमच्याजवळ राहावे’ अशी आर्त इच्छा होती, आणि नकुशीमागे ‘ही नसती तर बरे’ असे होते. आठ-नऊ वर्षांचे मूल एक दिवस हमखास विचारते की, माझे नाव हेच का ठेवले. त्या वेळी तुम्ही त्याच्या डोळ्यांकडे पाहून जे उत्तर देऊ शकाल, तो त्या नावाचा खरा अर्थ, असे मी मानते, आणि तुमच्या घरातल्या दोन्ही नावांना हीच कसोटी लावून पाहणार आहे.

सासूबाईंच्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तो वाटतो तितका पोकळ नाही. सुरुंग हा शब्द संस्कृतात ‘सुरुंगा’ या रूपात कौटिलीय अर्थशास्त्रातही येतो आणि तेथे त्याचा अर्थ भुयार असा आहे. अभ्यासकांनी त्याचा संबंध ग्रीक भाषेतल्या ‘सिरिंक्स’ या शब्दाशी जोडला आहे. त्या शब्दाचा अर्थ पोकळ नळी, पावा आणि त्यावरून भुयार असा होतो. म्हणजे ज्या सुरुंगाची सासूबाईंना धास्ती वाटते, त्याच्या मुळाशी एक पावा आहे. फुलाचे नाव मात्र वेगळ्या घराण्यातले आहे. तेच झाड कर्नाटकात ‘सुरगी’ म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या ‘मामिया सुरिगा’ या शास्त्रीय नावातला दुसरा शब्दही त्याच गोतावळ्यातला आहे. त्याच्या वाळवलेल्या कळ्या बाजारात तांबडा नागकेशर म्हणून विकल्या जातात. हे सगळे खरे असले तरी पाचवीतली मुले शब्दाची व्युत्पत्ती पाहून चिडवत नाहीत, कानाला जे सापडते त्यावरून चिडवतात, आणि सुरंगीला सुरुंग जवळचा आहे हे मान्य करायला हवे.

येथे तुमच्याही एका समजुतीला मला हात लावावा लागतो. ‘सु’ म्हणजे चांगला आणि ‘रंग’, म्हणून सुंदर रंगाची, ही फोड कानाला गोड आहे, पण ती आपण नंतर लावलेली आहे. ते एका झाडाचे नाव आहे आणि तेवढे पुरे आहे. त्या झाडाच्या जुन्या फांद्यांना खोडालगत झुपक्यांनी कळ्या लागतात, पाकळ्या पांढऱ्या आणि आतले केसर गर्द पिवळे असतात, आणि फूल सुकले तरी वास जात नाही, म्हणून बायका ते कपड्यांच्या पेटीत ठेवतात. मुलीला सांगायला एवढे असताना आपल्या सोयीचा अर्थ जोडण्याची गरज नाही. हे मी अशासाठी सांगते की, आत्याच्या नावाला जो नियम लावायचा तो आपल्या नावालाही लागला पाहिजे.

आता रेयांशीकडे येऊ. संस्कृतात किरणासाठी रश्मी, अंशू, मरीची, मयूख, गभस्ती असे कितीतरी शब्द आहेत. त्यांत ‘रेय’ किंवा ‘रे’ असा शब्द नाही. मराठीत ‘रे’ हे हाक मारण्याचे संबोधन आहे, आणि किरणासाठी ‘रे’ आहे तो इंग्रजीत. त्यामुळे एका भाषेतला किरण आणि दुसऱ्या भाषेतला अंश जोडून हे नाव घडवले गेले असावे असे मला वाटते. ॲपमध्ये मात्र ते संस्कृत म्हणून दिलेले असते. प्रिशा म्हणजे ‘देवाची देणगी’, शनाया म्हणजे ‘सूर्याचा पहिला किरण’ असे जे अर्थ सर्वत्र फिरतात, त्यांनाही संस्कृतात आधार सापडत नाही. कियारा या नावाची तर दोन मुळे सांगता येतात. इटालियन मार्गाने गेले तर ते लॅटिनमधल्या ‘उजळ’ या शब्दापाशी पोहोचते आणि आयरिश मार्गाने गेले तर ‘काळीसावळी’ या अर्थापाशी. दोन्ही सुंदर आहेत, पण दोन्हीही ॲपमध्ये नसतात.

परके नाव ठेवू नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आपल्या किनाऱ्याने किती परकी नावे आपलीशी करून घेतली आहेत याचे एक उदाहरण मला फार प्रिय आहे. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायली या ज्यू समाजातील सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. हेच गृहस्थ आपल्या लोकांत ‘सामाजी हसाजी दिवेकर’ म्हणून ओळखले जात. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझेकिएलचा हसाजी झाला, आणि दिवे गावावरून दिवेकर हे आडनाव पडले. हिब्रू नावाला आपला ‘जी’ लागला म्हणून ते हिब्रू राहिले नाही असे झाले नाही, आणि मराठीही बिघडली नाही. तेथे कोणी खोटा अर्थ सांगितलेला नव्हता. आत्याला जर रेयांशी हा शब्द त्याच्या नादासाठी आवडला असेल, तर ‘मला याचा आवाज आवडला’ हे कारण पूर्णपणे चांगले आहे आणि मुलीला ते तसेच सांगता येईल. उद्या संस्कृतच्या तासाला बसल्यावर जो अर्थ टिकणार नाही, तो तिला सांगू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले आहे, त्यामुळे असा प्रसंग माझ्यासमोर घडलेला आहे. नववीच्या वर्गात ‘नय’ म्हणजे नीती आणि ‘अनय’ म्हणजे अनीती हे मी फळ्यावर लिहिले आणि पाठमोरी असतानाच वर्ग एकदम शांत झाल्याचे मला जाणवले. तिसऱ्या बाकावर अनय नावाचा मुलगा बसला होता. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला, हातातल्या वहीच्या कोपऱ्याची घडी घालत आणि उलगडत उभा राहिला, आणि त्याने विचारले की, बाई, आईबाबांना हे माहीत नव्हते का. राधेच्या पतीचे नाव अनय, अशी आपल्याकडे कथा आहे आणि त्याच्या आईने ते तेथूनच घेतले होते, हे मी त्याला सांगू शकले, कारण त्याच्या आईनेच ते मला एकदा सांगितले होते. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा उतरला. हे उत्तर त्याला वर्गात नव्हे, घरात आणि पाच वर्षे आधी मिळायला हवे होते असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते.

अक्षराचा प्रश्न तुम्हाला सर्वांत अवघड वाटतो आहे, पण माझ्या मते तो सर्वांत सोपा आहे. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण मिळून एकशे आठ अक्षरे होतात, त्यांत स्वातीची अक्षरे रू, रे, रो, ता ही आहेत. परंतु परंपरेनेच एका मुलाला एकाहून अधिक नावे सांगितली आहेत. धर्मसिंधूसारख्या ग्रंथांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे चार प्रकार येतात, आणि चरणाचे अक्षर लागते ते नाक्षत्रनामाला. रोजच्या हाकेचे नाव त्या अक्षराचे असलेच पाहिजे असे बंधन नाही. पाळण्यातले नाव एक आणि जगाच्या तोंडचे नाव दुसरे, हे तर आपल्याकडे नेहमीचेच आहे. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचे नाव केशव ठेवले होते, पण घरात ‘बाळ’ म्हणत आणि तेच कायम राहिले.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की, नक्षत्राचे नाव आत्याने ठेवावे आणि तिने ते मनापासून निवडावे. रे अक्षराची नावे आपल्याकडे भरपूर आहेत. रेवा म्हणजे नर्मदा, रेवती म्हणजे नक्षत्र आणि बलरामाची पत्नी, रेणुका तर घरोघरची कुलदेवता. माझा जीव मात्र ‘रेणू’ या नावात अडकला आहे. रेणू म्हणजे धूलिकण, आणि संस्कृतात फुलातल्या परागकणालाही रेणूच म्हणतात. तुमच्या आजीच्या बोटांना जे लागत असे, तेच. सुरंगी आणि रेणू ही नावे एकमेकींत इतकी बसतात की, आत्या आणि आई यांनी मिळून ठरवल्यासारखे दिसेल, आणि आजीची गोष्ट सांगून झाल्यावर हे तुम्ही नणंदेसमोर ठेवले तर कदाचित खरोखरच तसे होईल.

उपाध्ये किंवा घरातील वडीलधारी मंडळी शास्त्राचा प्रश्न काढतील, तर तेही सांगून ठेवते. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलीच्या नावातील अक्षरे विषम असावीत असे म्हटले आहे आणि सुरंगी तीन अक्षरी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, क्रूर नसलेले, स्पष्ट अर्थाचे आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे असे सांगितले आहे, त्यातही ते बसते. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावे असलेल्या मुलींशी विवाह करू नये असे वचन आहे. कोकणातल्या घराघरांत रोहिणी, रेवती, गंगा, गोदावरी, यमुना, चंपा, बकुळा नांदल्या आणि सुखाने संसार करून गेल्या. त्या वचनाला आपल्या आज्यापणज्यांनी कधीच बाजूला ठेवले आहे, तेव्हा झाडाच्या नावाबद्दल तुम्हीही मन निर्धास्त ठेवा.

राहिला ‘फुले विकणाऱ्या बायांचे नाव’ हा शब्दप्रयोग. तो तुम्हाला जिव्हारी लागला आहे हे पत्रातल्या अक्षरावरूनच दिसते, कारण त्या ओळीनंतर तुमचे अक्षर तिरके झाले आहे. सासूबाईंना तुमच्या आजीची माहिती नव्हती, म्हणून हा त्यांनी केलेला अपमान आहे असे धरून चालू नका. परंतु ते वाक्य तसेच सोडूनही देऊ नका. सुरंगीची कळी उमलली की तिचा भाव उतरतो, म्हणून भल्या पहाटे झाडावर चढून, हात लांबवून, फांदी न मोडता ती खुडावी लागते, आणि मग पाठ वाकवून तासन्‌तास ओवावी लागते. दोन-तीन महिन्यांच्या त्या हंगामावर किती घरांची वर्षाची वह्यापुस्तके येतात हे तुमच्या तालुक्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको. ‘आई, मी त्याच बाईची नात आहे,’ हे एक वाक्य तुम्ही शांतपणे, रागाचा स्वर न लावता, दोघीच असताना बोलून पाहा. त्यानंतरही त्यांना नाव आवडले नाही असे होऊ शकते, आणि तसे झाले तर तो त्यांच्या आवडीचा प्रश्न राहील. तुमच्या माहेराचा मान त्यात अडकलेला राहणार नाही.

तुम्हालाही मला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो टोचला तर माफ करा. हे नाव तुम्ही मुलीसाठी ठेवत आहात की आजीसाठी? दोन्हीसाठी, असे उत्तर येईल आणि ते खरेही असेल. पण ही मुलगी मोठी होऊन पुण्यात किंवा परदेशात राहील, तिला कदाचित फुले आवडणार नाहीत, ती कदाचित कोणाला आजीची गोष्ट सांगणार नाही, आणि तिला स्वतःला वेगळ्या नावाने ओळखले जावेसे वाटेल. तेव्हाही तुम्हाला वाईट वाटणार नाही, एवढी तयारी असेल तर हे नाव जरूर ठेवा. नाव देणाऱ्याने ते देऊन मोकळे व्हायचे असते.

एक साधा प्रयोग करून पाहा. आठवडाभर घरातल्या सर्वांनी बाळाला दोन्ही नावांनी मोठ्याने हाक मारावी. मागल्या दारातून, खळ्यातून, गाडीच्या आवाजात, रागावल्यासारखी, लाडाने, सर्व प्रकारे. ‘गो सुरंगे’ तोंडात कसे बसते आणि ‘गो रेयांशी’ कसे बसते, हे चार दिवसांत कळते. नाव मोडून काय होते तेही पाहा, कारण मुले पूर्ण नाव फार दिवस वापरत नाहीत. सुरंगीचे ‘सुरू’ होईल. त्यावरून ‘सुरू का बंद’ असे कोणी म्हणेल, पण सुरू म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे सुरूचे बनही आहे, आणि तेही मुळात ऑस्ट्रेलियाकडचे झाड असून आता आपल्या वाळूत असे रुजले आहे की त्याच्यावाचून किनारा डोळ्यांसमोर येत नाही. ‘सुरा’ आणि ‘रंगी’ ही रूपे मात्र मला आवडत नाहीत. म्हणून लाडाचे नाव तुम्ही घरातूनच लवकर ठरवून रूढ करा. शाळेत जाण्यापूर्वी रुजलेले लाडाचे नाव सहसा बदलत नाही.

कागदपत्रांबद्दल हे नाव शोधणाऱ्या सर्वच आईवडिलांना सांगते, कारण अनेक घरांत घाई तेथेच होते. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते, पण त्या नोंदीत बाळाचे नाव असलेच पाहिजे असे नाही. नावाशिवाय नोंद करता येते, नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. तेव्हा बारसे लांबले म्हणून सरकारी काम अडत नाही. उलट एकदा घातलेले नाव ‘आता आवडत नाही’ म्हणून बदलणे कठीण असते, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखल्याचाच आधार द्यावा लागणार आहे. इंग्रजी स्पेलिंग घरात एका कागदावर लिहून, सर्वांनी एकदा वाचून, मगच अर्जात भरावे. सुरंगीचे स्पेलिंग एकाच प्रकारे होते, रेयांशीचे किमान चार प्रकारे होते, आणि प्रत्येक कागदावर वेगळे स्पेलिंग पडले की पुढे मुलीलाच प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते. आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. मुलीच्या नावाला लागून तुमचे नाव लिहिले जाणार आहे. दोन्ही नावे एकत्र म्हणून पाहिलीत का?

नावांचे अर्थ पडताळण्यासाठी ॲपवर थांबू नये. मोल्सवर्थ यांचा मराठी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि सावंतवाडी संस्थानात जन्मलेले वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालचा संस्कृत कोश हे तिन्ही आता संगणकावर किंवा मोबाईलवर विनामूल्य पाहता येतात. पाच मिनिटांचे काम आहे. समुद्राकाठच्या आईवडिलांना आपल्या परिसराशी नाते सांगणारी नावे हवी असतील तर तेथे वेला सापडेल, म्हणजे किनारा, भरती आणि काळाची मर्यादाही. ऊर्मी म्हणजे लाट, अर्णव म्हणजे समुद्र, सैकत म्हणजे वाळूचा तट, शुक्ती म्हणजे मोत्याचा शिंपला. यांतले शुक्ती मला अर्थाने फार आवडते, पण ते ‘सुक्ती’, ‘शक्ती’ असे ऐकले जाते आणि मुलीला प्रत्येक वेळी दुरुस्ती करावी लागते, हेही सांगितले पाहिजे. इरा हे नाव आज पुष्कळ ठेवतात. त्याचा वैदिक अर्थ अन्न, तृप्ती देणारे पेय असा आहे, आणि तो आईवडिलांना ठाऊक असला तर नाव आणखी गोड लागेल.

यजमानांविषयी थोडेच लिहिते. ‘तुम्ही बायका ठरवा’ हे समंजसपणाचे वाक्य वाटते, पण त्याने तुम्ही, सासूबाई आणि नणंद अशा तिघींना समोरासमोर उभे केले आहे. एक बहीण आहे, एक आई आहे आणि एक पत्नी आहे, आणि तिघींशी बोलू शकेल असा घरात तो एकटाच आहे. बहिणीला फोन त्यांनी करावा. ‘बारशाला कानात नाव तूच सांगायचे आहेस, तो मान तुझाच आहे,’ हे तिला भावाच्या तोंडून ऐकायला मिळू दे. रेणू या नावाचे मात्र तुम्ही स्वतः सांगा, कारण परागाची आठवण तुमची आहे.

सासूबाईंशी बोलाल तेव्हा नावाच्या वादाने सुरुवात करू नका. त्यांच्या पिढीत लग्नात तांदळांत नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव त्या दिवसापासून मागे पडे. तुमच्या पत्रात सासूबाईंचे सासरचे नाव आहे, माहेरचे नाही. त्यांना ते विचारा, ते कोणी ठेवले होते ते विचारा, आणि त्यांचे सांगून झाल्यावर मग आपल्या आजीचे सांगा.

बारशाची तारीख ठरली की कळवा. नाव कोणतेही ठरो, माझे आशीर्वाद तुमच्या मुलीला आहेतच.

तुमची,
सदरलेखिका